गेटाजवळचं लिंबू

४ एप्रिल

ताई,

नमस्कार लिहिणार नव्हते. पण वयाने मोठ्या आहात, आणि लग्न झाल्या झाल्या तुमच्या भावाने मला बजावलं होतं की ताईला नमस्कार चुकवायचा नाही. म्हणून लिहिते. नमस्कार. त्यात आणखी काही शोधू नका.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. मेसेज वाचता, निळ्या खुणा मला दिसतात, पण उत्तर नाही. परवा मुलाने फोन लावला तर हवा कशी आहे, झोप लागते का, सगळं विचारलंत, आणि त्याने "आत्या, त्या झाडाचं..." म्हटल्याबरोबर गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवलात. ताई, तुमच्या घरात दूध येत नाही. तुम्हाला ते पचत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र फाडून टाकता येतं, पण त्यासाठी निदान हातात तरी घ्यावं लागतं.

निघताना मी नोटीस वाचली. टॅक्सी दारात उभी, हातात बॅग, सून "आई, उशीर होतोय" म्हणून ओरडतेय, आणि समोर फळ्यावर तुमच्या वळणदार अक्षरात: 'प्रवेशद्वाराजवळील अनोळखी, निरुपयोगी व धोकादायक झाड महिनाअखेरीस तोडण्यात येईल. पालिकेची परवानगी मिळाली आहे. अध्यक्ष.' वेळ बरी साधलीत! मी सुट्टीला परदेशी जाणार, भांडायला माघारी कोणी नाही.

धोकादायक म्हणालात, ते मी समजू शकते. पण अनोळखी? इतकी वर्षं त्या झाडाखालून तुम्ही दूध नसेल पण भाजी तरी आणलीत ना? आणि निरुपयोगी? त्या झाडाची सावली बरोबर दुपारी माझ्या मशीनवर येते. शाळांचे गणवेश मी त्या सावलीत शिवले. उपयोग आणखी कसा असतो?

असो. पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. मला एक झाड ओळखून हवंय.

मुलाने इथे महिनाभरासाठी घर घेतलंय. समुद्र जवळ आहे, रस्ते स्वच्छ आहेत, आणि करायला काही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडे शाळेची भिंत दिसते आणि भिंतीच्या आत एक झाड. असं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. शाळेच्या छपराच्या वर गेलंय, आणि पसरलंय कसं, तर कापड कमी पडेल याची काळजी नसलेल्या बाईने शिवलेल्या घेरासारखं. सगळ्या फांद्यांच्या टोकांना जांभळ्या फुलांचे उभे घोस. फ्रॉकच्या बाहीला चुण्या घालून फुगा करतो ना, तसं एकेक फूल. पानं आत्ता फुटतायत, तळहाताएवढी, बदामाच्या आकाराची, मागची बाजू फ्लॅनेलसारखी मऊ.

नाव कोणाला माहीत नाही. मुलाने फोन धरला तर फोनने पाच नावं सांगितली, त्यातलं एक कोबीचं होतं. घरमालकीण म्हणाली, "ते? ते झाड आहे." जसं काही मी त्याला खांब समजत होते! इथल्या बागेत गेले तर प्रत्येक बाकावर पितळी पाटी, कोणाच्या स्मरणार्थ कोणी बाक दिला त्याची. झाडावर मात्र एक पाटी नाही. बसायच्या फळीला आईबापांचं नाव आणि ज्याच्या सावलीत बसायचं ते बेवारशी!

तुम्हाला विचारायची मला हौस आहे असं समजू नका. दुसरं कोणी नाही म्हणून विचारते. फोटोवरून झाड ओळखणं म्हणजे फोटोवरून ताप बघणं, असं तुम्ही म्हणता, म्हणून फोटो पाठवत नाही. पान दाबून सोबत ठेवलंय.

तुमची
वहिनी


१२ एप्रिल

ताई,

उत्तर नाही. मला तसं वाटलंच होतं. पत्र पोचायलाच आठवडा लागतो असं मुलगा म्हणतो. तो नेहमी तुमची बाजू घेतो.

काल मी त्या झाडाखाली जाऊन आले. शाळा सुटल्यावर फाटक उघडं होतं, गेले आत. फुलांचा खच पडला होता. मी एक फूल उचलून उलटं करून बघतेय, तोवर शाळेचा पहारेकरी आला आणि हातवारे करून मला बाहेर काढायला लागला. मी त्याला मराठीत सांगितलं की मी काही चोरत नाही, खाली पडलेलं उचलतेय. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो मागे सरकला. मग पाठीवर यंत्र लावलेला एक माणूस आला आणि त्याने ती सगळी फुलं वारा मारून गटारात घालवली. सून म्हणाली, "आई, आपण समुद्र बघायला आलोय ना?" मी म्हटलं, समुद्र बघून झाला. तो आहे तसाच आहे.

फुलाच्या आत फिकट पांढरं आहे आणि त्यावर बारीक पट्टे. हे लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल की आत बघितलंच नाही.

हे असते तर या झाडाखालून हललेच नसते. यांनी त्या पहारेकऱ्यालाच कामाला लावलं असतं, शिडी आण म्हणून. आपल्या गेटाजवळचं रोप यांनी आणलं त्या दिवशी तुम्ही किती हसला होतात ते मला आठवतंय. रोपवाल्याने लिंबू म्हणून विकलं होतं. तुम्ही खाली उभ्या, चष्मा नाकावर, एक पान हातात घेऊन म्हणालात, "अरे, हे लिंबू असेल तर मी आंबा!" वनस्पतिशास्त्राच्या बाईंपुढे बिचारा रोपवाला काय टिकणार! पण मग आहे काय, ते तुम्हालाही सांगता येईना. तुमचा नियम ठरलेला. फूल दाखव, फळ दाखव, मग बोल. हे म्हणाले, "फुलेल तेव्हा कळेल, ताई. तोवर लिंबूच म्हणू."

आणि सगळी बिल्डिंग लिंबू म्हणायला लागली. टपालवाला 'लिंबाजवळची बिल्डिंग' म्हणतो.

पण त्याला फुलू दिलं कोणी? दरवर्षी वीज कंपनीची माणसं यायची आणि तारांना लागतं म्हणून त्याचं डोकं उडवून जायची. मग बिचारं पुन्हा बुंध्यातून सरळसोट काठ्या फोडणार, त्याला सुपाएवढी पानं येणार, आणि पुन्हा कोयता. तुम्हीच सांगा, ज्याला दरवर्षी बोडकं करायचं, त्यानेच वर ओळख पटवायची? आणि नाही पटवली की अनोळखी म्हणून फळ्यावर नाव लागणार! हा कुठला न्याय आहे? एवढी वर्षं शिकवलंत, परीक्षेला बसूच न देता मुलाला नापास केलंत का कधी?

थांबते.

वहिनी


२२ एप्रिल

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. सून पळत घेऊन आली, "आई, आत्यांचं उत्तर!" मला वाटलं, चला, दगडाला पाझर फुटला. आणि कार्डावर काय, तर:

'पान मिळालं. देठ तुटलेला आहे. देठासकट हवं होतं. फांदीवर पानं समोरासमोर की आळीपाळीने? साल उभी चिरते की नाही? पान चोळून वास घेतलास का? मागच्या वर्षीची फळं अजून फांदीवर असतात का ते बघ.'

खाली सही नाही. वर माझं नाव नाही. कशी आहेस, नाही. नोटिशीबद्दल अक्षर नाही. वर्षभर तोंडाला कुलूप, आणि ते उघडलं तर आतून प्रश्नपत्रिका! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कार्ड टेबलावर आपटलं तेव्हा मुलगा आणि सून एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. हसा म्हटलं, तुमच्याही आत्याच आहेत.

उत्तरं देते, कारण कोणी विचारलं की उत्तर द्यावं एवढं मला कळतं. काही लोकांना कळत नाही.

पानं समोरासमोर. एक इकडे, एक तिकडे, बटणं आणि काजं जुळावीत तशी. साल करडी, उभ्या बारीक चिरा. पान चोळलं, वास खास असा नाही, हात मात्र चिकट होतो. जुनी फळं आहेत. सुकलेली, सुपारीएवढी, टोकाशी दोन फाकांत उघडलेली, वाऱ्याने खुळखुळतात. आत पातळ कागदासारखं बी, फुंकर मारली की उडून जातं. देठासकट पान सोबत आहे. आता मार्क द्या.

आणि मार्क देताना आणखी एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या.

गेल्या वर्षी छाटणीची माणसं आली आणि हे नेहमीसारखे खाली भांडायला गेले, तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ होतात. मी वर होते. दुसऱ्या दिवशी शाळेचे कपडे द्यायचे होते, मशीन जोरात चालू होती. मला काहीच ऐकू आलं नाही. कोणीतरी दार ठोठावलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. हे पायरीवर बसले आणि गेले, एवढंच मला सांगितलंत. नंतर किती जणींनी मला विचारलं, शेवटचं काय बोलले? मी म्हणायचे, ताईंना माहीत. मी तुम्हालाही विचारलं. तुम्ही उठून आत गेलात. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे, आणि लोकांना वाटतं झाडावरून.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. तुम्ही जिन्यात कोणाला तरी सांगत होतात, "त्या झाडापायी माझा भाऊ गेला." मी वरच्या पायरीवर होते. ताई, झाडाने नाही नेलं त्यांना. त्यांचं हृदय आधीपासून कुरकुरत होतं, गोळ्या वेळेवर घेत नव्हते, आणि राग आवरत नव्हता, जसा तुम्हालाही आवरत नाही. तुमचा भाऊ गेला तर माझंही कोणी गेलंच ना? मला त्यांचं जे काही उरलंय त्यातलं एक ते झाड आहे, आणि तुम्ही त्याला निरुपयोगी म्हणता!

तुम्हाला त्यांच्याजवळ शेवटचं असता आलं. मला नाही. आणि जे ऐकलंत तेही तुम्ही मूग गिळून स्वतःपाशी ठेवलंत. याचा मला राग येतो. खूप राग येतो. झाडापेक्षा जास्त याचा.

वहिनी


२६ एप्रिल

ताई,

हे पत्र मुलगा फोटो काढून लगेच तुमच्या फोनवर पाठवतोय. तुम्ही फोटोवरून झाड ओळखत नाही, पण अक्षर तरी वाचाल. कृपा करून शेवटपर्यंत वाचा. महिना संपायला आलाय.

आज सकाळी आम्ही शाळेच्या मागच्या गल्लीतून चाललो होतो. या बाजूला मी कधी गेलेच नव्हते. मागच्या भिंतीवरून विजेच्या तारा जातात. तिथेही तेच झाड आहे, भिंतीला चिकटून, दुसरं. पण त्याला कोणी पसरू दिलेलं नाही. डोकं उडवलेलं, जाडजूड बुंधा, आणि बुंध्याच्या माथ्यावरून वर गेलेल्या सरळसोट काठ्या. खाली कापलेल्या फांद्या पडलेल्या. पानं सुपाएवढी.

मी थबकले. मला वाटलं, उन्हाने काही होतंय. ताई, मी आपल्या गेटाजवळ उभी होते.

मुलगा मागे होता. त्याने खाली पडलेली एक काठी उचलली, मोडली. आतून पोकळ. त्याने ती तोंडाला लावली आणि फुंकली. तोच तो घोगरा आवाज. लहानपणी छाटणीनंतर हे त्याला तशाच काठीचं वाजवायचं करून द्यायचे आणि तुम्ही खालून ओरडायचात, "बंद करा तो भोंगा!" मुलाने काठी खाली केली आणि म्हणाला, "आई, हे आपलं लिंबू आहे."

मी तिथेच भिंतीला टेकून रडले. आणि मग मला इतका संताप आला म्हणून सांगू! आधी स्वतःचा आला. महिनाभर मी त्या झाडाकडे डोळे फाडून बघत होते, पान चोळत होते, फुलाच्या आत बघत होते, तुम्हाला पत्रं लिहीत होते, आणि माझ्याच खिडकीतलं झाड मला ओळखू आलं नाही. कसं येणार? मी ते कधी पुरतं बघितलंच नव्हतं. मी ओळखते ते छाटलेलं. ते मोठं झालं की कसं दिसतं, हे आपल्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. यांनाही नाही. हे फुलाची वाट बघत गेले, आणि ते फूल कसं आहे हे मी परक्या गावात, शाळेच्या पहारेकऱ्याची बोलणी खाऊन बघितलं.

दोन्हीकडची पानं शेजारी धरून बघितली. आकार तोच, मागची लव तीच, समोरासमोर तशीच. फक्त माप वेगळं. छाटलेल्या काठीवर येतं ते पान मोठं असतं, पसरलेल्या झाडावर लहान. हे तुम्हाला माहीत असणार. तुम्ही शिकवलं असणार.

ताई, तुम्ही म्हणायचात, फूल दाखव, फळ दाखव. घ्या. फूल जांभळं, फळ खुळखुळणारं. यांनी त्या दिवशी तुम्हाला कबूल केलं होतं की फुलेल तेव्हा कळेल. त्यांचा शब्द खरा झाला आहे. आता तुम्ही तुमचा नियम पाळा.

तोडू नका. मी पाया पडून सांगते असं लिहिणार होते, पण लिहीत नाही, कारण पाया पडण्याएवढी मी चुकलेली नाही. हक्काने सांगते. तोडू नका.

वहिनी


३ मे
(तुझ्या मशीनवर ठेवलं आहे. किल्ली माझ्याकडे होतीच.)

अगं,

गेटातून आत येताना तू वर बघितलं असशीलच, तेव्हा ते आधी लिहीत नाही.

तुझं पत्र फोनवर आलं, मी वाचलं. मुलाला 'मिळालं' एवढंच कळवलं, कारण या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. तू म्हणतेस मी शिकवलं असणार. शिकवलं. दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं, की छाटलेल्या खोडावरची पानं मोठी येतात, ती बघून फसू नका. तुझं पहिलं पान आलं तेव्हा मी ते घेऊन पुस्तकं उघडून बसले, आणि गेटापर्यंत जायचं मला सुचलं नाही. त्यात तू देठही तोडून पाठवलास. पण देठ असता तरी फरक पडला नसता. मी वर्षभर त्या झाडाकडे मान वर करून बघितलेलंच नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तो पायरीवर बसला होता. मला वाटलं दमला. मी पाणी आणायला वळले तेव्हा म्हणाला, "ताई, त्यांना सांग, वरचा शेंडा तरी ठेवा." बस. तुझं नाव घेतलं नाही, माझं घेतलं नाही, मुलाचं घेतलं नाही. शेंडा. आता हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? तू विचारलंस की मी उठून आत जायचे, ती रागाने नाही. आणि मी पाण्याचा पेला घेऊन परत येईपर्यंत त्यांनी शेंडा उतरवलाही होता. पुढे रोज गेटातून जाताना ते बोडकं खोड बघायचं आणि ते वाक्य ऐकायचं. मला ते सोसेना. निरुपयोगी हा शब्द मी त्यासाठी लिहिला. चुकीचा शब्द आहे. खोडला आहे.

तोडणारे महिनाअखेरीस आले. म्हणाले, "बाई, सही तुमचीच आहे." मी म्हटलं, सही माझी आहे म्हणूनच मी मागे घेते. मग म्हणाले, आलोच आहोत तर तारेला लागतं तेवढं उतरवतो. मी म्हटलं, बाजूचं काढा. शेंडा ठेवा. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून दोनदा सांगितलं. या वेळी पाणी आणायला गेले नाही. ते खाली उतरून गाडीत बसेपर्यंत तुझी शिवणाची खुर्ची खाली नेऊन झाडाखाली बसून राहिले. खुर्ची परत आणून ठेवली आहे, एक पाय डुगडुगतो, तो आधीपासून डुगडुगत होता.

यंदा फूल येणार नाही. पुढल्या वर्षीही सांगता येत नाही. इतकी वर्षं छाटलेल्या झाडाला वेळ लागतो, तेव्हा रोज खिडकीतून डोकावून मला विचारत बसू नकोस. आणि जांभळा म्हणजे नेमका कोणता, ते तू एकाही पत्रात धड लिहिलेलं नाहीस. संध्याकाळी खाली ये आणि कापडांच्या तुकड्यांतून रंग काढून दाखव. दूध मागवलं आहे. चहा तुझ्यासाठी लागतो.

नाव मिळालं. शास्त्रीय नाव झाडावर पाटी करून लावलं आहे. सुतळीने बांधली, खिळा मारलेला नाही. तुला ते उच्चारता येणार नाही. त्याच्याखाली मोठ्या अक्षरात 'लिंबू' लिहिलं आहे. पालिकेचा माणूस पाहणीला आला होता, पाटी वाचून हसला. म्हणाला, "बाई, हे लिंबू नाही हो."

मी म्हटलं, मला शिकवू नका.

ताई